हॅरिसन रोडचा सत्यान्वेषी, पुण्याचा लेखक

'शैलरहस्य' ही कथा एका पत्राने सुरू होते. पत्र लिहिणारा ब्योमकेश बक्षी. ज्याला लिहिलं तो त्याचा कलकत्त्यातला मित्र अजित. आणि पत्र आलंय कुठून, तर महाबळेश्वरहून. थंडीचे दिवस आहेत, हॉटेल जवळजवळ रिकामं आहे, मालक पारशी आहे, आणि रात्री खोलीत जे घडतं त्याचा खुलासा ब्योमकेशसारख्या तर्कनिष्ठ माणसालाही करता येत नाही. मूळ बंगालीतून ही कथा मी पहिल्यांदा वाचली तेव्हा गुन्ह्यापेक्षा मला पत्त्याचंच कोडं पडलं. कलकत्त्याच्या ट्रामगाड्यांत आणि मेसच्या जिन्यांत वाढलेला हा माणूस आमच्या सह्याद्रीत काय करतोय?

त्याचं उत्तर शोधता शोधता माझी बरीच वर्षं गेली. १९९३ साली दूरदर्शनवर बासू चॅटर्जींची 'ब्योमकेश बक्षी' मालिका लागायची, तेव्हा मी नोकरीला नुकताच लागलो होतो. रजित कपूरचं धोतर, के. के. रैनांचा अजित आणि सत्यवतीच्या भूमिकेत आपल्या सुकन्या कुलकर्णी, एवढ्या बळावर मी बंगाली लिपी गिरवायला घेतली. गुरू कोणी नव्हता. अंकलिपी, एक जुना शब्दकोश आणि आनंद पब्लिशर्सच्या 'शरदिंदु ऑम्निबस'चा जाडजूड खंड, एवढंच माझं विद्यापीठ. त्यामुळे या लेखात जे म्हणतोय ते एका हौशी वाचकाचं म्हणणं आहे. पुराव्याला मात्र मी घट्ट धरून राहिलो आहे. आणखी एक आधीच सांगतो: दोन-तीन कथांची रहस्यं मला इथे फोडावी लागणार आहेत.

प्रथम हिशेब. शरदिंदु बंद्योपाध्याय यांनी ब्योमकेशच्या बत्तीस कथा पूर्ण केल्या, तेहतिसावी अपुरी राहिली. पहिली १९३२ ची, शेवटची १९७० ची. त्यांतल्या पहिल्या दहा १९३२ ते १९३६ या काळात झाल्या. मग पंधरा वर्षं ब्योमकेश गप्प. उरलेल्या तेवीस कथा १९५१ नंतरच्या. शरदिंदु १९३८ मध्ये हिमांशु राय यांच्या बोलावण्यावरून बॉम्बे टॉकीजसाठी पटकथा लिहायला मुंबईला आले आणि १९५२ मध्ये सिनेमा सोडून पुण्याला स्थायिक झाले. या तारखा समोरासमोर ठेवल्या की कलकत्त्याच्या सर्वांत नावाजलेल्या गुप्तहेराचा दोन-तृतीयांशाहून जास्त संसार महाराष्ट्रात मांडला गेला, असा हिशेब निघतो. पहिल्यांदा ही बेरीज केली तेव्हा मी ती तीनदा तपासली.

'गुप्तहेर' हा शब्द ब्योमकेशला आवडत नाही. तो स्वतःला सत्यान्वेषी म्हणवतो. 'सत्यान्वेषी' नावाच्या कथेत त्याची नि अजितची गाठ पडते. कथेतलं साल बंगाब्द १३३१, म्हणजे १९२४-२५. कलकत्त्याच्या चिनी वस्तीजवळची एक मेस. मेस म्हणजे आपल्या गिरगावातल्या खानावळीची आणि बिऱ्हाडाच्या खोलीची सरमिसळ: खाली स्वयंपाक, वर ओळीने खोल्या, कारकून, विमा एजंट, शिकाऊ पोरं, प्रत्येकाची खाट वेगळी आणि ताट एकत्र. नाव सांगितलं तेच खरं मानायचं, कारण तपासणार कोण? ब्योमकेश स्वतः तिथे खोट्या नावाने, अतुलचंद्र मित्र म्हणून येतो. मेस चालवणारे सज्जन होमिओपॅथिक डॉक्टर कोकेनच्या धंद्यात असतात. गावात हे जमलं नसतं. गावात माणूस कोणाचा कोण ते नावाआधी कळतं. शहरात मात्र माणूस स्वतः सांगतो तेवढाच असतो, आणि ही सगळी कथा त्या फटीत उभी आहे.

'पथेर काँटा' ही त्याहून पुढची. भर रस्त्यात, भर गर्दीत माणसं कोसळून मरतात आणि त्यांच्या काळजात ग्रामोफोनची सुई सापडते. आवाज नाही, मारेकरी नाही. मारेकरी आहे सायकलवर, आणि सुई सुटते ती सायकलच्या घंटीतून. घंटी वाजली की माणूस बाजूला होतो, दचकतो, क्वचित शिवी देतो. तिच्याकडे संशयाने कोणी पाहत नाही. गर्दी हे इथे लपण्याचं ठिकाण तर आहेच, पण हत्यार चालतं तेही गर्दीच्या सवयींवर. १९३२ साली भारतीय भाषांतल्या रहस्यकथेत शहराचा असा उपयोग किती जणांनी केला असेल?

बंगालीत पोलिसी कथा त्याआधीही भरपूर होत्या. प्रियनाथ मुखोपाध्याय हे कलकत्ता पोलिसात नोकरी केलेले गृहस्थ १८९२ पासून 'दारोगार दप्तर' काढत होते. पाँचकडी दे यांच्या कादंबऱ्या घरोघर होत्या. दीनेंद्रकुमार राय लंडनचा रॉबर्ट ब्लेक बंगाल्यांना पुरवत होते. प्रियनाथांकडे खरं शहर होतं पण ते दप्तरातलं, फिर्याद नि जबाबांचं. बाकीच्यांकडे थरार होता पण तो बराचसा उसना. शरदिंदूंनी काय केलं, तर होम्स-वॉटसनची जोडी उचलली आणि तिला धोतर नेसवून मेसच्या पंक्तीला बसवलं. उचल लपवली नाही. पण त्या पंक्तीत बसल्यावर ती जोडी इंग्रजी राहिली नाही.

आता इथे माझी एक चूक सांगितली पाहिजे, कारण या लेखाचा जन्मच तिच्यातून झाला.

१९५१ नंतरच्या कथा वाचत गेलो तसा मला एक फरक जाणवू लागला. रस्ता मागे सरकला होता. कितीतरी कथा कलकत्त्याबाहेरच घडतात: 'चित्रचोर' आणि 'दुर्गरहस्य' बाहेरगावी, 'वह्निपतंग' पाटण्याला, 'कहेन कवि कालिदास' कोळशाच्या खाणींच्या मुलखात. ज्या कलकत्त्यात घडतात त्याही घराच्या चार भिंतींत: मृत्युपत्र, दत्तक, सावत्र नाती, माडीवरचा म्हातारा आणि खालच्या मजल्यावरचे वारस. मी लगेच सिद्धांत बांधला. लेखक पुण्यात बसलाय, शहर डोळ्यांसमोर नाही, आठवणीवर रस्ता किती दिवस चालवणार? म्हणून तो खोलीत शिरला. खोली कुठूनही लिहिता येते. हे सगळं मी वहीत मोठ्या दिमाखात लिहूनही ठेवलं.

तो सिद्धांत एका साध्या माहितीने कोसळला. शरदिंदूंचा जन्म १८९९ चा, जौनपूरचा. वडील पूर्णियाला, शिक्षण मुंगेरला. १९१५ मध्ये मॅट्रिक होऊन ते कलकत्त्याच्या विद्यासागर कॉलेजात गेले, तिथल्या मेसमध्ये राहिले. पुढे कायद्याचं शिक्षण पाटण्याला. १९२९ नंतर वकिली सोडून लेखन हाच व्यवसाय, आणि मुक्काम बहुतेक काळ मुंगेरचा. पहिल्या दहांपैकी 'ब्योमकेश ओ बरदा' तर मुंगेरलाच घडते. म्हणजे चिनी वस्तीजवळची ती मेस, हॅरिसन रोडवरचा तो तिसरा मजला, घंटी वाजवत जाणारी ती सायकल, हे सगळंही दुरूनच लिहिलेलं होतं, विद्यार्थिदशेतल्या तीन-चार वर्षांच्या शिदोरीवर. बंगालीत अशा माणसाला प्रवासी बंगाली म्हणतात, बंगालबाहेर राहणारा. शरदिंदु जन्मभर प्रवासी होते. अंतर दोन्ही काळांत होतं. मग अंतरामुळे दोन्ही काळांत फरक पडला असं कसं म्हणता येईल?

वहीतलं पान मी फाडलं नाही, त्यावर रेघ मारली. आणि प्रश्न उलटा करून पाहिला: लेखक दूर गेला म्हणून रस्ता हरवला, की रस्ताच तसा राहिला नव्हता?

याचं उत्तर मला 'आदिम रिपु'त सापडलं. ही १९५५ ची दीर्घकथा, पण तिचं कलकत्ता १९४६ चं आहे. १६ ऑगस्टच्या हत्याकांडानंतरचं शहर. सत्यवतीला आणि मुलाला ब्योमकेशने पाटण्याला पाठवून दिलंय. संध्याकाळी बाहेर पडायचं तर विचार करून. 'पथेर काँटा'तला मारेकरी गर्दीत मिसळून जायचा, कारण गर्दीला नावगाव नव्हतं. १९४६ मध्ये गर्दीला अचानक नाव आलं, धर्म आला. कोणत्या गल्लीत कोणी जायचं हे ठरलं. ज्या शहरात अनोळखी माणूस दिसला की लोक खिडक्या लावून घेतात, तिथे सायकलवरचा अज्ञात मारेकरी कोणत्या रस्त्यावर चालवणार? खून होतो तो कालीपूजेच्या रात्री, फटाक्यांच्या आवाजात, एका घराच्या गॅलरीत. मेलेला अनादी हालदार काळ्या बाजारवाला. आणि त्याचा पैसा लपलाय पुस्तकांच्या बांधणीत. युद्धकाळातल्या नफेखोरीची, दुष्काळावर पोसलेल्या पैशाची इतकी नेमकी जागा दुसऱ्या कुणाला सुचली असती असं मला वाटत नाही. कपाटात पुस्तकं आहेत म्हणजे घर सुसंस्कृत, हा बंगाली भद्र माणसाचा ठाम समज, आणि आपला तरी कुठे वेगळा आहे?

या कथेचा शेवट १५ ऑगस्ट १९४७ ला येऊन मिळतो. ब्योमकेश अपराधी ओळखतो आणि त्याला सोडून देतो. नोटा मात्र जाळतो. अनेक बंगाली वाचकांना हा शेवट भावुक वाटतो, काहींना अनैतिक. मला तो हिशेबी वाटतो. उद्यापासून नवं खातं उघडायचं तर जुन्या वहीत काय ठेवायचं नि काय जाळायचं, एवढाच त्या रात्रीचा प्रश्न आहे. आणि हे लिहिलंय १९५५ मध्ये, पुण्यात बसून, नव्या खात्याला आठ वर्षं झाल्यावर.

१९४६ मध्ये शरदिंदु मुंबईत होते, बॉम्बे टॉकीजचा स्टुडिओ मालाडला. त्या सप्टेंबरात मुंबईतही दंगली पेटल्या होत्या. 'आदिम रिपु'तली भीती किती कलकत्त्याची नि किती मुंबईची, याची वाटणी करता येणार नाही. पण ती नुसती वर्तमानपत्रात वाचलेली भीती नाही, असं माझं कान देऊन वाचल्यावरचं मत आहे.

त्यानंतरच्या कथा या नजरेने पुन्हा वाचल्या. १९६३ च्या 'मग्नमैनाक'मध्ये पूर्व पाकिस्तानातून आलेली हेना नावाची तरुणी एका बड्या राजकारण्याच्या घरी आश्रयाला राहते आणि गच्चीवरून पडून मरते. फाळणीचं एवढं प्रचंड प्रकरण, लेखकाने ते एका कुटुंबाच्या जिन्यावर आणून ठेवलं. १९६८ च्या 'वेणीसंहार'मध्ये श्रीमंत म्हातारा वरच्या मजल्यावर, मुलगा नि मुलगी आपापल्या संसारासह खाली, आणि म्हाताऱ्याच्या दाराशी आडवा झोपणारा रखवालदार. घर असं मजल्यामजल्यांनी संशयाने कापलेलं. घरातल्या घरात वारशाचा खून ही कल्पना शरदिंदूंना नवी नव्हती हे कबूल. 'अर्थमनर्थम्' ही तशीच कथा पहिल्या दहांतली, आणि ब्योमकेशला सत्यवती भेटते ती तिच्यातच. पण तेव्हा घर हा अनेक जागांपैकी एक होता. १९५० नंतर तो मुख्य झाला. जागेची टंचाई, निर्वासितांचे लोंढे, भाड्याचे भांडणतंटे, एकत्र कुटुंबाचे तुकडे: ज्या शहरात डोक्यावरचं छप्पर हीच सर्वांत मोठी इस्टेट होते, तिथे खुनाचं कारणही छपराखालीच सापडणार.

तेव्हा रस्त्याकडून घराकडे गेला तो लेखक एकटा नाही, शहरही गेलं. पुण्याचा यात वाटा असेल तर तो वेगळा असावा. कलकत्त्यात राहणाऱ्याला रोजचे मोर्चे, रोजच्या ट्रामचा खोळंबा दिसला असता. दुरून पाहणाऱ्याला पाच-सात वर्षांत काय बदललं ते दिसतं. बाहेरगावी राहणाऱ्या मुलाला वर्षाने घरी आल्यावर आईचे केस किती पिकले ते कळतं, तसं.

मधल्या पंधरा वर्षांच्या मौनाबद्दल शरदिंदूंनीच सांगून ठेवलंय की लोकांना आता ब्योमकेश नको असेल असं त्यांना वाटलं होतं. पुढे कलकत्त्याच्या एका भेटीत मित्राच्या घरातल्या मुलांनी तक्रार केली, म्हणून त्यांनी तो पुन्हा हाती घेतला. पोरांनी मागितलं नसतं तर आज आपल्यापाशी दहाच कथा असत्या.

पुण्याने त्यांना दुसरंही काही दिलं. शिवकालातल्या सदाशिव नावाच्या चुणचुणीत पोराच्या साहसकथा त्यांनी बंगाली मुलांसाठी लिहिल्या. बंगाली मुलं मावळ्यांच्या गोष्टी वाचत होती आणि आपल्याकडे त्यांचा लेखक कोण हे फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. विजयनगरच्या पार्श्वभूमीवरच्या 'तुंगभद्रार तीरे'ला रवींद्र पुरस्कार मिळाला, तीही याच काळातली. आणि गंमत पाहा: त्यांच्या 'ऑम्निबस'चे संपादक प्रतुलचंद्र गुप्त, म्हणजे दुसऱ्या बाजीरावावर ग्रंथ लिहिणारे इतिहासकार. माझ्या कपाटात ते दोन ग्रंथ बरीच वर्षं वेगवेगळ्या फळ्यांवर होते. दोन्हींवरचं नाव एकाच माणसाचं आहे हे एका दिवाळीच्या साफसफाईत लक्षात आलं.

मात्र ब्योमकेशच्या कथांत पुणं जवळजवळ नाही. १९६१ च्या सुमारास तीन-चार कथा लागोपाठ झाल्या. त्याच वर्षी जुलैत पानशेत फुटलं, निम्मं शहर चिखलात गेलं. कथांमध्ये त्याचा मागमूस नाही. 'शैलरहस्य' हाच काय तो अपवाद, आणि तिथेही पुढचा धागा कलकत्त्यातच जाऊन मिळतो. शिवाय ती एकच कथा अशी की जिथे ब्योमकेशला भूत मान्य करावं लागतं. जणू कलकत्त्याबाहेर, आमच्या डोंगरात, त्याचा तर्क थोडा सैल पडतो. हे मी विनोदाने म्हणतोय. पूर्ण विनोदाने नाही.

आपल्याकडे त्याच काळात बाबूराव अर्नाळकर मुंबई गाजवत होते. झुंजार, काळापहाड यांची हजाराच्या वर पुस्तकं. पण त्या नायकांना वयाची बाधा नाही. पन्नास वर्षांनीही ते तसेच उडी मारतील. ब्योमकेश पहिल्या भेटीत तेवीस-चोवीस वर्षांचा आहे. तो लग्न करतो, बाप होतो, पैशाची ओढाताण सोसतो, अजित पुस्तकांच्या धंद्यात पडतो, आणि अखेर हॅरिसन रोड सोडून सगळे दक्षिण कलकत्त्यात, केयातल्याला राहायला जातात. मेसमधला सडा माणूस आता शहराच्या नव्या भागातला घरवाला झाला आहे. १९२४-२५ पासून मोजलं तर शेवटच्या कथांत तो सत्तरीला टेकलेला असायला हवा, म्हणजे बरोबर आपल्या लेखकाच्या वयाचा.

शेवटीशेवटी शरदिंदूंनी अजितचं निवेदन काढून घेतलं. त्याचं कारण 'वेणीसंहार'च्या आरंभी त्यांनी मिश्कीलपणे दिलं आहे: अजितची भाषा जुनाट झाली, चालू बोलीचं वळण त्याला काही साधत नाही, शिवाय तो धंद्यात गुंतलाय. बंगालीत साधुभाषा आणि चलितभाषा हा फरक आपल्या ग्रांथिक आणि बोलीतल्या लिखाणासारखा, पण अधिक काटेकोर. क्रियापदांची रूपंच बदलतात. पहिल्या कथा साधुभाषेत आहेत. पस्तीस वर्षांत शहर ज्या भाषेत बोलू लागलं तिच्यात अजितला लिहिता येईना, म्हणून लेखकाने आपल्या सर्वांत जुन्या सोबत्याला विश्रांती दिली. माझ्यासारख्या मागून बंगाली शिकलेल्याला या बदलाचा त्रास झाला तो असा की साधुभाषेची रूपं पाठ करून मी नुकता कुठे स्थिरावलो होतो.

१९६७ च्या 'शजारुर काँटा'त शरदिंदु पुन्हा रस्त्यावर येतात. शजारु म्हणजे साळिंदर. दक्षिण कलकत्त्यात, रवींद्र सरोवराच्या आसपास, माणसं मरतात आणि त्यांच्या काळजात साळिंदराचा काटा सापडतो. आधी एक भिकारी, मग एक मजूर, मग एक दुकानदार. पहिल्या कथेतली ग्रामोफोनची सुई आणि हा काटा, दोन्ही बारीक, टोकदार, नेम एकाच जागी. शीर्षकातही तोच 'काँटा'. इतकं साम्य अपघाताने होत नाही. पण फरक बघा. सुईच्या मारेकऱ्याला मरणारा कोण याच्याशी कर्तव्य नव्हतं; तो पैसे घेऊन दुसऱ्यांच्या वाटेतला काटा काढणारा धंदेवाला होता. साळिंदराच्या काट्याचे पहिले तीन बळी नुसती हूल आहे. खरा नेम एका मध्यमवर्गीय घरातल्या नवऱ्यावर आहे, आणि कारण त्या घराच्या आत, एका न जमलेल्या लग्नात. भिकारी, मजूर, दुकानदार यांना कोणी मारलं तर शहर एक दिवस चर्चा करील नि विसरेल, हे मारेकऱ्याला पक्कं ठाऊक आहे. तो नवरा वाचतो, कारण त्याचं हृदय उजवीकडे असतं. त्या तिघांची हृदयं नेहमीच्या जागी होती. कथा त्यांच्याकडे परत वळत नाही. पहिल्या वाचनात मला हा कथेचा दोष वाटला होता. आता नक्की सांगता येत नाही.

त्याच १९६७ साली सत्यजित राय यांचा 'चिडियाखाना' आला, उत्तमकुमार ब्योमकेश झाला. राय यांचा स्वतःचा फेलुदा त्याआधी दोन वर्षं 'संदेश' मासिकात अवतरला होता. फेलुदा मुलांचा, त्याच्या जगात सत्यवतीला जागा नाही, आणि तो कलकत्त्यात टिकतो त्यापेक्षा जास्त प्रवासाला निघतो, अगदी वेरूळपर्यंत. त्याच्यावर वेगळा लेख व्हावा.

तेहतिसावी कथा 'विशुपाल वध'. जागा एक नाट्यगृह. कीचकवधाचा प्रयोग चालू आहे, रंगमंचावर क्षणभर अंधार होतो आणि दिवे लागतात तेव्हा नट मेलेला. ब्योमकेश चौकशीला लागतो, मंडळींचे जबाब होऊ लागतात. २२ सप्टेंबर १९७० ला शरदिंदु गेले. जबाब अर्धे झाले होते.